जहाज कोणत्या तारखेचे?

काचेच्या पेटीतले जहाजाचे मॉडेल पाहून बहुतेकांच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो संयमाबद्दलचा. एवढ्या दोऱ्या, एवढ्या तोफा, एवढ्या बारीक शिड्या. किती महिने लागले असतील, डोळे कसे टिकले असतील! हे कौतुक मनापासूनचे असते, पण ते या छंदाच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. संयम रांगोळी काढणाऱ्यालाही लागतो आणि जरीकाम करणाऱ्यालाही. जहाजाचे प्रमाणबद्ध मॉडेल करणाऱ्याला त्याखेरीज निवाडा करण्याची तयारी लागते. कारण त्याने केलेली वस्तू काहीतरी सांगत असते: अमुक जहाज अमुक दिवशी असे होते. शोभेचे जहाज सुंदर असते किंवा नसते, त्यावर चुकीचे असल्याचा आरोप करता येत नाही. मॉडेलवर तो करता येतो. या पुस्तकातली पुढची प्रकरणे लाकूड, प्लॅस्टिक, पितळ, दोरा आणि रंग यांच्या तंत्राबद्दल आहेत. त्यांच्याआधी वाचकापुढे एक मुद्दा ठेवणे हे या प्रस्तावनेचे काम. मॉडेल हे पुराव्यावर उभे केलेले विधान असते, आणि म्हणून हा छंद हस्तकलेइतकाच इतिहासलेखनाच्या जवळचा आहे. हे मान्य केले की कोणता बारकावा घ्यायचा, कोणता सोडायचा आणि कुठे हात आवरायचा, या प्रश्नांची उत्तरे वेगळी येऊ लागतात.

मुंबईकरांच्या ओळखीच्या जहाजापासून सुरुवात करू. भारताची पहिली विमानवाहू नौका आयएनएस विक्रांत दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ‘हर्क्युलिस’ या नावाने बांधायला घेतली गेली, ४ मार्च १९६१ रोजी भारतीय नौदलात आली आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. २००१ पासून २०१२ पर्यंत ती मुंबईत तरंगते संग्रहालय होती. शाळांच्या सहलीच्या सहली तिच्या डेकवर फिरून आल्या. आता समजा, कुणी १९७१ च्या युद्धातली विक्रांत करायला घेतली आणि अशा सहलीत काढलेले फोटो समोर ठेवले. मॉडेल पहिल्याच पायरीवर चुकेल. फोटोतल्या डेकचे पुढचे टोक वर उचललेले आहे. सी हॅरियर विमानांना थोड्या अंतरात उडता यावे म्हणून केलेला हा चढ, ज्याला स्की-जंप म्हणतात, १९८० च्या दशकातल्या फेरबदलांत बसवला गेला. पहिले सी हॅरियर विक्रांतवर उतरले तेच १९८३ च्या डिसेंबरात. १९७१ साली बंगालच्या उपसागरातून चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले चढवणाऱ्या विक्रांतचा डेक टोकापर्यंत सपाट होता, तिच्यावर सी हॉक आणि अलिझे ही विमाने होती आणि ती वाफेवर चालणाऱ्या कॅटापुल्टच्या झटक्याने हवेत जात होती. दोन्ही विक्रांत खऱ्या आहेत, पण एका मॉडेलमध्ये एकच मावते. शिवाय आता पडताळून पाहायला जहाज उरलेले नाही. २०१४ च्या अखेरीस मुंबईतच ते तोडायला सुरुवात झाली. डोळ्यांनी पाहिलेल्यांच्या आठवणीत आहे ती स्की-जंपवाली विक्रांत. आठवण प्रामाणिक असूनही १९७१ बद्दल ती खोटी साक्ष देते. चुकीच्या टोकाची ‘१९७१ ची विक्रांत’ उद्या एखाद्या शाळेच्या कपाटात जाऊन बसली, तर पुढची मुले तिलाच प्रमाण मानतील.

जहाज सुरक्षित असले म्हणजे हा प्रश्न सुटतो असेही नाही. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला जपून ठेवलेले ब्रिटिश युद्धजहाज ‘व्हिक्टरी’ हे जगातले सर्वांत जास्त मॉडेल झालेल्या जहाजांपैकी एक. ते १७६५ साली पाण्यात उतरले, आणि ज्या ट्रॅफल्गारच्या लढाईत त्याच्यावर अ‍ॅडमिरल नेल्सन मारला गेला ती झाली १८०५ साली. मधल्या काळात, १७८० मध्ये, त्याच्या तळाला तांब्याचे पत्रे लागले. १८०० ते १८०३ या मोठ्या दुरुस्तीत मागच्या बाजूचे उघडे सज्जे बंद झाले आणि नाळेवरचे मूळचे भव्य शिल्प जाऊन साधे शिल्प आले. म्हणजे सज्जे असलेले ‘व्हिक्टरी’ नेल्सनच्या मृत्यूचे जहाज म्हणून दाखवता येत नाही. १९२० च्या दशकात ते १८०५ च्या रूपात आणायचे ठरले, तेही त्या काळच्या अभ्यासाच्या आधारे. पुढच्या डेकवरचा कठडा लढाईच्या दिवशी किती उंच होता, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. कितीतरी वर्षे लोकांनी ज्या पिवळ्या पट्ट्यांचे ‘व्हिक्टरी’ पाहिले आणि रंगवले, त्यांचा रंगही जुन्या थरांची तपासणी झाल्यावर बदलला. २०१५ मध्ये जहाज फिकट, गुलाबीकडे झुकणाऱ्या रंगात रंगवले गेले. खुद्द जहाजच आपल्याबद्दलचे मत बदलते, तिथे मॉडेल करणाऱ्याने आपण कुणाच्या मतावर उभे आहोत हे सांगायलाच हवे. तारीख कधी कधी दिवसापर्यंत नेमकी लागते. जर्मन युद्धनौका ‘बिस्मार्क’ १९ मे १९४१ रोजी बाल्टिकमधून मोहिमेवर निघाली तेव्हा तिच्या अंगावर काळेपांढरे नागमोडी पट्टे होते. २१ मे रोजी नॉर्वेच्या खाडीत नांगर टाकलेला असताना त्यांवर करडा रंग चढला. २४ मे रोजी तिने ब्रिटिश युद्धनौका ‘हूड’ बुडवली आणि २७ मे रोजी ती स्वतः बुडाली. पट्टे रंगवलेली ‘बिस्मार्क’ ‘हूड’वर तोफा डागताना दाखवणे म्हणजे त्या मोहिमेचा क्रम उलटा लावणे आहे.

तारीख ठरली तरी काम सोपे होत नाही, कारण जहाज सगळे सारख्या प्रमाणात लहान करता येत नाही. १:७०० हे प्रमाण घ्या. जपानी कंपन्यांनी १९७१ पासून पाण्याच्या रेषेपर्यंत कापलेल्या जहाजांची मालिका काढली ती याच प्रमाणात. २१३ मीटरची विक्रांत या प्रमाणात साधारण ३० सेंटिमीटरची होते आणि डेकवरचा माणूस अडीच मिलिमीटरहून कमी. कठड्याचा लोखंडी गज २५ मिलिमीटर जाड धरला, तर मॉडेलमध्ये तो ०.०३६ मिलिमीटर यायला हवा. माणसाचा केस याहून जाड असतो. रसायनाने कोरलेले पितळी पत्र्याचे कठडे बाजारात मिळतात, पण पत्रा ०.१ मिलिमीटरचा असला तरी खऱ्या जहाजावर तो गज सात सेंटिमीटर जाड झाला. मग कठडा लावायचा की नाही? लावला तर जाडी खोटी, नाही लावला तर डेकची कड खोटी. अनुभवी माणूस बहुतेकदा लावतो, पण काळजीपूर्वक फिकट रंग देऊन त्याचे वजन कमी करतो. शिडाच्या जहाजावर हीच अडचण दुसऱ्या रूपात येते. ब्रिटिश नौदलाचा तळाचा तांब्याचा पत्रा साधारण चार फूट लांब आणि चौदा इंच रुंद असे. १:९६ ला तो १२.७ बाय ३.७ मिलिमीटर होतो, आणि हे सहज जमते. पण त्यावरचे खिळे दाखवण्यासाठी अनेक किटांत अर्ध्या मिलिमीटरचे उठावदार ठिपके असतात. प्रमाणाने गुणले तर हा खिळा जवळजवळ पाच सेंटिमीटर रुंद होतो. खरे खिळे पत्र्याशी सपाट ठोकलेले असत आणि काही हात अंतरावरून ते दिसतही नसत. दोऱ्यांचे तर वेगळे गणित आहे. जुन्या नौदलात दोराचे माप घेराने सांगत, व्यासाने नाही. अकरा इंची दोर म्हणजे साडेतीन इंच जाडीचा. १:९६ ला तो ०.९३ मिलिमीटर येतो. हे ठाऊक नसलेला नवखा माणूस तीन मिलिमीटरची सुतळी ओढतो आणि डोलकाठीला फास लावल्यासारखे दिसते. शिवाय साधे दोर उजव्या पिळाचे, तर तीन दोर एकत्र वळून केलेले जाड दोर डाव्या पिळाचे. शिंप्याच्या दुकानातल्या रिळाला हा फरक कळत नाही, म्हणून जाणकार आपले दोर स्वतः वळतात, वर मेण फिरवून त्यांची लव बसवतात. या प्रत्येक ठिकाणी हाताआधी डोके चालवावे लागते: काय दिसले असते, काय दिसायला नको, आणि कशाचा आभास पुरेसा आहे.

मॉडेल म्हणजे नक्कल असा समज धरून चालणाऱ्यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातली इंग्लंडमधली मॉडेले जरूर पाहावीत. नौदलाच्या कारभाराशी जोडलेली ही मॉडेले बहुधा १:४८ प्रमाणात, म्हणजे एका फुटाला पाव इंच या हिशेबाने केली जात. ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आणि अमेरिकेत अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीच्या संग्रहालयात ती आजही आहेत. त्यांच्या पोटाला खाली फळ्या नाहीत. बरगड्या उघड्या ठेवलेल्या असतात आणि त्यांच्यातून प्रकाश आरपार जातो. पण या बरगड्यांची मांडणी खऱ्या जहाजासारखी नाही. ती एक ठरलेली, सुबक पद्धत आहे. खरे जहाज तसे बांधले असते तर ते टिकले नसते, आणि हे करणाऱ्या कारागिरांना ते पुरते ठाऊक होते. त्यांना दाखवायचा होता तो जहाजाच्या पोटाचा आकार, आणि आकार नीट दिसावा म्हणून त्यांनी रचनेबाबत सवलत घेतली. आजच्या अभ्यासकाने या मॉडेलवरून आकार शिकावा, बांधणी शिकू नये. म्हणजे सर्वोत्तम मॉडेलसुद्धा एका प्रश्नाचे उत्तर देते आणि दुसऱ्याबद्दल मौन पाळते. कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो आहोत हे करणाऱ्याला माहीत असले, की हे मौन दोष राहत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की बहुतेक लोक किट आणून जोडतात. विचार कंपनीने केलेला असतो, ग्राहक फक्त गोंद लावतो. यात तथ्य आहे. पण किट हे दुसऱ्या कुणाचे विधान असते आणि दुसऱ्याचे विधान तपासता येते. एकाच पेटीत सांगाडा एका वर्षाचा, तोफा दुसऱ्या वर्षाच्या आणि रंगाचा तक्ता तिसऱ्याच वर्षाचा, असे अनेकदा घडते, कारण कंपनीला एकाच साच्यातून जास्तीत जास्त पेट्या विकायच्या असतात. जुना फोटो आणि किटची सूचनापत्रिका शेजारी ठेवून जो फरक शोधतो, त्याने संशोधनाची पहिली पायरी चढलेली असते. ही पायरी किती उंच जाऊ शकते याची उदाहरणे आहेत. सी. नेपियन लाँग्रिज यांनी ‘व्हिक्टरी’चे १:४८ मॉडेल करता करता जहाजाचा जो अभ्यास केला, तो १९५५ मध्ये पुस्तकरूपाने आला आणि शिडाच्या युद्धनौकांच्या बांधणीबद्दल पुढची अनेक वर्षे वाचला गेला. फ्रान्समध्ये व्यवसायाने वास्तुरचनाकार असलेल्या झाँ बुद्रियो यांनी ७४ तोफांच्या जहाजावर १९७३ ते १९७७ दरम्यान चार खंड लिहिले. खिळ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत सगळे त्यात आहे, आणि मॉडेल करणाऱ्याला जे प्रश्न पडतात तेच त्यांतून सोडवलेले आहेत. कारण साधे आहे. लेखक एखादी अडचणीची जागा मोघम वाक्याने ओलांडू शकतो. मॉडेलमध्ये दोर कुठेतरी बांधावाच लागतो, शिडीची खालची पायरी कशावर तरी टेकावीच लागते. ‘दोर डेककडे येत’ असे लिहून भागते. मॉडेलमध्ये तो कोणत्या खुंटीला येतो हे ठरवल्याशिवाय गाठ मारता येत नाही. हात अज्ञान लपवू देत नाहीत, हा या छंदाचा अभ्यासाला झालेला मोठा उपयोग.

दुसरा आक्षेप नेमका उलट दिशेने येतो: ही सगळी निष्फळ चिकित्सा आहे. कठडा किती जाड, पट्टा कोणत्या दिवशी पुसला. एवढा कीस काढून इतिहासात काय भर पडते? याला सरसकट उत्तर नाही, कारण काही बारकावे खरोखरच निरर्थक असतात. निकष एकच: तो बारकावा बदलला तर मॉडेलचे म्हणणे बदलते का? तांब्यावरच्या खिळ्यांची संख्या बदलल्याने काही बदलत नाही. विक्रांतच्या टोकाचा चढ काढल्याने किंवा ठेवल्याने मात्र विमाने कोणती आणि युद्ध कोणते हे बदलते. स्वीडनचे ‘वासा’ १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच प्रवासात, स्टॉकहोमच्या बंदरातच बुडाले आणि १९६१ मध्ये वर काढले गेले. जहाज जवळपास अख्खे सापडले, पण तीन शतके पाण्यात राहून लाकूड काळवंडलेले होते. त्याची पार्श्वभूमी निळी आणि शिल्पे सोनेरी असावीत असे आधी मानले जाई. पुढे लाकडाच्या फटींत उरलेल्या रंगांच्या सूक्ष्म कणांची तपासणी झाली आणि तांबड्या पार्श्वभूमीवर अनेक भडक रंगांत रंगवलेली शिल्पे असे चित्र पुढे आले. संग्रहालयात मूळ काळपट जहाजाशेजारी ठेवलेले १:१० चे मॉडेल त्याच रंगांत रंगवलेले आहे. भडक रंग म्हणजे येथे सजावट नाही. सतराव्या शतकातल्या राजाला आपली ताकद कशी मिरवायची होती, हे तो सांगतो. मूळ जहाजाला ते आता सांगता येत नाही.

तिसरा आक्षेप आजचा आहे. थ्रीडी प्रिंटर घराघरांत येत आहेत. संगणकावर आराखडा काढला की यंत्र कठडा, तोफा, होड्या छापून देते. मग हाताचे कौशल्य आणि त्याबरोबर हा छंदही संपणार का? कौशल्याचा एक भाग नक्कीच यंत्राकडे जाईल, जसा तो पूर्वी पितळी पत्रे कोरणाऱ्या रसायनाकडे गेला, आणि त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण यंत्राला जे सांगावे ते तेवढेच करते. १९७१ च्या जहाजावर १९८९ चा रडार छापायला सांगितला, तर ते तो सुबकपणे छापून देईल. हाताने करताना चूक होण्याआधी विचार करायला वेळ मिळतो. यंत्र तो वेळ काढून घेते आणि चूक आणखी गुळगुळीत करते. म्हणून नव्या साधनांमुळे निवाड्याची गरज कमी होण्याऐवजी वाढेल.

चौथा आक्षेप नैतिक आहे आणि तो झटकून टाकू नये. या छंदाची बाजारपेठ युद्धनौकांनी भरलेली आहे. तोफा, पाणबुड्या, विजयाचे ध्वज. माणसे मात्र कुठेच नाहीत. यातून हिंसेचे देखणे रूप तेवढे मनावर ठसते, असे म्हणणाऱ्याला खोटे पाडणे कठीण आहे. पण हा दोष निवडीचा आहे, माध्यमाचा नाही, आणि माध्यम काय करू शकते याचा पुरावा गुलामांच्या व्यापाराच्या इतिहासातच आहे. ‘ब्रूक्स’ हे लिव्हरपूलचे गुलामवाहू जहाज. १७८८ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांच्या संख्येवर मर्यादा घालणारा कायदा केला, त्यानुसार या जहाजात ४५४ माणसे नेण्याची परवानगी होती. व्यापारविरोधी कार्यकर्त्यांनी इतकी माणसे डेकवर कशी बसतील याचा आराखडा काढला: खांद्याला खांदा लावून, कुशीवर वळायलाही जागा न ठेवता. त्या चित्राचे लाकडी मॉडेलही झाले. थॉमस क्लार्कसन यांनी १७८९ मध्ये पॅरिसला ते चित्र फ्रेंच राजकारणी मिराबोला दाखवले आणि त्याने त्यावरून एक मॉडेल करवून घेतले. विल्यम विल्बरफोर्स यांनी संसदेत दाखवलेले मॉडेल हल शहरातल्या त्यांच्या घराच्या संग्रहालयात आहे. ब्रिटनने हा व्यापार १८०७ मध्ये बंद केला. त्याचे श्रेय एका खेळण्याएवढ्या वस्तूला देणे भाबडेपणा ठरेल. पण त्या वस्तूने काय केले हे स्पष्ट आहे. आकडा ऐकून मान डोलावणाऱ्या सभासदांसमोर तिने जागेचे माप ठेवले. तिच्यात नक्षी नव्हती, दोरखंड नव्हते, पण मोजमाप खरे होते, आणि तिच्याशी वाद घालायचा तर मोजमापाशीच घालावा लागला असता. या प्रस्तावनेचा मुद्दा यापेक्षा स्वच्छ शब्दांत मांडता येणार नाही.

आता सर्वांत अवघड आक्षेप. पुरावाच नसेल तर? आपल्याला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण मराठी माणसाला सर्वांत आधी करावेसे वाटते ते मराठा आरमारातले गुराब आणि गलबत. त्यांचे त्या काळातले प्रमाणबद्ध आराखडे युरोपीय जहाजांसारखे हाताशी नाहीत. आहे ते शब्दांत. अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म गुराबाचे वर्णन करतो: बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन, दोन काठ्यांचे फार तर १५० टनांचे, तीन काठ्यांचे सुमारे ३०० टनांचे, लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात कमी बुडणारे, मध्यापासून टोकाकडे निमुळते होत गेलेले आणि पुढे भूमध्य समुद्रातल्या वल्ह्यांच्या जहाजांसारखी पुढे आलेली नाळ. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर वल्ह्यांच्या नौकांची लढाई कोरलेली आहे, पण ती आंगऱ्यांच्या आरमाराच्या कितीतरी आधीची. या सामग्रीतून गुराबाचे मॉडेल करता येते का? येते, अट एकच: पदरचे कुठून सुरू झाले ते दिसले पाहिजे. ज्या भागाला आधार आहे तो एका लाकडात करावा आणि अंदाजाचा भाग दुसऱ्या, फिकट लाकडात, न रंगवता ठेवावा. अभिमानापोटी मागच्या बाजूला युरोपीय धाटणीचे नक्षीदार सज्जे चिकटवणे हा आरमाराचा गौरव नाही. ज्यांची जहाजे उथळ खाडीत शिरून निसटत म्हणून शत्रूला जड गेली, त्यांच्या बुद्धीचा तो अपमान आहे. पुराव्याच्या अभावावर मात करण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे प्रयोग. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगवलेले आहे. त्या चित्राच्या प्रेरणेने काथ्याने फळ्या शिवलेले जहाज गोव्यात बांधले गेले, आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला ते ‘कौंडिण्य’ नावाने भारतीय नौदलात आले. चित्रावरून पोटाचा आकार कळत नाही, म्हणून आधी मद्रासच्या आयआयटीत मॉडेलवर चाचण्या झाल्या. या पद्धतीचा पाया १८७० च्या दशकात विल्यम फ्रूड यांनी इंग्लंडमध्ये टॉर्कीच्या हौदात घातला. जहाज लहान केले तरी पाणी लहान होत नाही. लाटांचा विरोध खरा मिळवायचा तर वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी करावा लागतो. शंभरपट लहान जहाज दहापट हळू ओढायचे. अशा वेळी मॉडेल जहाजाच्या मागून येत नाही, पुढे चालते.

मग मराठी छंदिष्टाने करायचे काय? ‘व्हिक्टरी’ आणि ‘बिस्मार्क’ जरूर करावीत. त्यांच्यावर इतके लिहिले गेले आहे की आपले प्रत्येक विधान तपासून घेता येते, आणि शिकणाऱ्याला तेच हवे असते. पण कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर लाकडी होड्या बांधणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या कागदावरच्या आराखड्याशिवाय काम करत आले. मापे त्यांच्या नजरेत आणि साच्यांत राहिली. मासेमारीत फायबरच्या होड्या आल्या, तशी ही नजर शिकणारे कमी झाले. एडमंड पारीस या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपाबाहेरच्या लोकांच्या जहाजबांधणीवर मोठा ग्रंथ काढला. जगभरच्या किनाऱ्यांवर त्याने बोटी मोजल्या, रेखाटल्या, आणि त्यांवरून पॅरिसच्या नौदल संग्रहालयासाठी मॉडेले झाली. परक्या देशातून आलेल्या एका माणसाने अल्पशा मुक्कामात जे केले, ते इथे राहणाऱ्याला अशक्य नाही. त्यासाठी लागते एक लांब मोजपट्टी, ओळंबा, कॅमेरा, आणि कारागिराला प्रश्न विचारण्याइतकी नम्रता. कण्याची लांबी घ्यावी, ठरावीक अंतरावर पोटाचे आडवे छेद मोजावेत, फळ्या कुठे सांधल्या ते टिपावे, डोलकाठीचा झोक किती अंशांचा ते पाहावे आणि प्रत्येक भागाला तिथले लोक काय म्हणतात ते त्यांच्याच उच्चारात लिहून घ्यावे. या पुस्तकातले तंत्र त्यानंतर कामी येईल: फळ्या नाळेकडे निमुळत्या कशा कराव्यात, दोर कसा वळावा, रंग किती पातळ असावा. शिकण्यासाठी पहिली एकदोन जहाजे किटमधली करावीत, चुका कराव्यात, त्या फोटोंवरून शोधाव्यात. त्यानंतरचे मात्र आपल्याच किनाऱ्यावरचे असावे: एखादा मचवा, एखादी पत्तेमारी, ज्याचे किट कोणत्याही कंपनीने काढलेले नाही आणि ज्याची मापे आज घेतली नाहीत तर पुढे कुणालाच घेता येणार नाहीत.